पहिली खाऱ्या पाण्याची टाकी: मासे निरोगी कसे राहतील आणि एकमेकांशी कसे जमतील

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत पहिल्या महिन्यात मासा मेला की दुकानदार म्हणतो, "पाणी सूट झालं नाही." घरातलं मोठं माणूस म्हणतं, दृष्ट लागली. बहुतेक वेळा खरं कारण मासा टाकीत पडण्याआधीच घडलेलं असतं. पाणी तयार झालेलं नसतं, किंवा मासा दुकानातून आजार घेऊन आलेला असतो, किंवा टाकीतला आधीचा मासा त्याला खाऊ देत नसतो. या तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. ज्याला दिवसभर हुसकावलं जातं तो नीट खात नाही, त्याची प्रतिकारशक्ती ढासळते आणि दबून असलेला परजीवी वर येतो. म्हणून 'आरोग्य' आणि 'जमतं का' हे दोन वेगळे विषय समजू नयेत. पुढचा सगळा हिशेब पुण्यातल्या घरच्या टाकीचा आहे.

गोड्या पाण्याचा अनुभव कुठे कमी पडतो

समुद्री माशाच्या शरीरातला खारटपणा समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्यामुळे कल्ल्यांमधून आणि कातडीतून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हे काम चोवीस तास चालतं. कल्ल्यांना किंवा कातडीला इजा झाली की मासा पाण्यात असूनही कोरडा पडत जातो. आजारी समुद्री मासा गप्पी-मॉलीपेक्षा फार लवकर का जातो, त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरी गोष्ट अमोनियाची. अमोनियाचा विषारी भाग किती, हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. गोड्या पाण्यात पीएच 7 च्या आसपास असतो, इथे तो 8.1 ते 8.3 ठेवावा लागतो. तेवढ्याच अमोनियातला विषारी वाटा इथे दहापटीच्या आसपास जातो. गोल्डफिश ज्या रीडिंगवर तग धरतो, त्या रीडिंगवर क्लाउनफिश धापा टाकतो.

तिसरी गोष्ट प्राणवायू. 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे 6.7. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी, म्हणून त्यातलेही सुमारे सहा टक्के वजा. पाणी तापलं की आणखी घट. पंपाचं तोंड वर करून पृष्ठभाग कायम हलता ठेवा, असं जाणकार सांगतात ते यासाठी.

टाकी, मीठ आणि खडकवासल्याचं पाणी

सुरुवातीला 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या. तिचं माप 191 लिटर भरतं, दगड-वाळू घातल्यावर पाणी उरतं 150 ते 160 लिटर. यापेक्षा लहान 'नॅनो' टाकी नवख्याला सोपी वाटते, पण ती अवघड असते, कारण चूक पातळ व्हायला तिथे पाणीच नसतं. स्टँड, दगड, पाणी धरून वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे जातं. टाकी बाल्कनीत नको, भिंतीलगत सपाट जागी हवी.

नळाचं पाणी थेट चालत नाही, त्यात क्लोरीन असतं. टँकरचं आणि बोअरचं तर नकोच, त्यात क्षार, नायट्रेट, सिलिकेट किती असतील याचा नेम नाही. घरातल्या प्युरिफायरवर लोक विसंबतात आणि तिथेच फसतात. पाण्याला चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी मिसळणारा किंवा खनिजं घालणारा भाग बसवलेला असतो, त्यामुळे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 40 ते 80 दाखवतो. आपल्याला तो शून्याच्या जवळ हवा. त्यासाठी आरओनंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांचा, फिल्टर लावावा लागतो. रेझिन संपत आलं की टीडीएस हळूहळू चढतो, तेव्हा मीटर हाताशी ठेवा. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद असण्याची शक्यता गृहीत धरून 40-50 लिटर तयार पाणी झाकून साठवलेलं असावं.

मीठ म्हणजे रीफ सॉल्ट, समुद्राचं पाणी बनवायला खास तयार केलेलं, स्वयंपाकाचं नाही. लिटरला 36 ते 38 ग्रॅम या हिशेबाने 160 लिटरला सुमारे 6 किलो लागतं. आधी ड्रममध्ये पाणी घ्या, पंप चालू करा आणि मग मीठ थोडं थोडं सोडा. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा गाळ बसतो, तो परत विरघळत नाही. एक दिवस ढवळू द्या, मग मोजा. घनता 1.026, म्हणजे 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार). मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो 35 पीपीटीच्या द्रावणाने जुळवा. काटेवाल्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो.

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, तरी पातळी खाली गेली की हात खाऱ्या पाण्याच्या बादलीकडे जातो. 160 लिटरमधून 8 लिटर उडालं, तर 35 चं 36.8 होतं. त्यात खारं पाणी घातलं तर पातळी भरते, खारटपणा तसाच चढलेला राहतो. रोजची भर फक्त बिनमिठाच्या आरओ पाण्याची. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज तिथपर्यंत भरा. पातळी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ बसवलात तर उत्तम, उन्हाळ्यात तर तो चैनीचा भाग राहत नाही.

पुण्याची हवा

एप्रिल-मे महिन्यात बंद फ्लॅटमधली टाकी पंपांच्या उष्णतेसह सहज 31-32 अंशांवर जाते. हवं 25 ते 27. चिलर महाग आहे, पण पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्याने पृष्ठभागावर तिरका झोत मारणारा छोटा फॅनही दोन-तीन अंश खाली आणतो. त्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते, म्हणून वरची रेघ. पावसाळ्यात हवा दमट असल्याने फॅनचा उपयोग घटतो, पण तोवर खोलीही निवलेली असते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर लागतो. 200 वॉटचा एक घेण्यापेक्षा 100 वॉटचे दोन घ्या. हीटर बिघडतो तेव्हा बरेचदा 'चालू' स्थितीतच अडकतो. 100 वॉटचा अडकला तर मासे शिजण्याआधी लक्षात यायला वेळ मिळतो.

आणि गुरुवार. देखभालीसाठी वीज गेली की पंप थांबतो, पृष्ठभाग स्थिर होतो आणि भरलेल्या टाकीत दोन-तीन तासांत प्राणवायू धोक्याच्या पातळीवर येऊ शकतो. दिवे-हीटर बंद राहिले तर बिघडत नाही, हवा हवीच. बॅटरीवर चालणारा एअर पंप जोडून ठेवा, तो वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा असावा. घरच्या इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारा पंप लावायचा असेल तर तो साइन वेव्ह आहे ना, ते आधी बघा. स्क्वेअर वेव्हवर काही पंप गरम होतात, घरघरतात.

माशांआधीचे पाच-सहा आठवडे

टाकी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडणं हे सर्वांत महागडं घाईचं काम. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वाढायला वेळ लागतो. त्यांना खायला अमोनिया लागतो, तो माशाच्या जीवावर देण्याची गरज नाही. अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, 160 लिटरला साधारण 1 ग्रॅम घातला की पाण्यात 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया होतो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर अशुद्ध असतो, तो नको. लॅब ग्रेडचा घ्या. बाटलीतले जिवाणू घातले तर वेग वाढतो.

घातलेला 2 पीपीएम अमोनिया 24 तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं दोनदा लागोपाठ आलं की टाकी तयार. याला तीन ते सहा आठवडे लागतात. दरम्यान काचेवर आणि वाळूवर तपकिरी साय धरते. ती डायाटम शेवाळाची, काही आठवड्यांत आपोआप जाते. तिच्यासाठी औषध घालू नका. शेवटी निम्मं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट खाली आणा.

दगड मांडताना ते थेट तळकाचेवर ठेवा आणि वाळू नंतर, तीन-चार सेंटिमीटर. गोबी वाळू उकरतो. वाळूवर रचलेला दगड त्याच्या अंगावर किंवा काचेवर कोसळतो. गुहा भरपूर ठेवा, माशांच्या संख्येपेक्षा जास्त. आणि दगड मानवनिर्मित किंवा कायदेशीर बिलाचे घ्या. 2001 पासून प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 'किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं कोरल' म्हणून कुणी विकत असेल तरी ते बाळगणं गुन्हाच ठरतो.

कोण कोणाशी नांदतो

माशाच्या भांडणाची कारणं मोजकी आहेत. समोरचा आपल्याच जातीचा, आपल्याच घडणीचा, आपल्याच रंगाचा किंवा आपलंच अन्न खाणारा असेल तर तो प्रतिस्पर्धी. तो आपल्या तोंडात मावत असेल तर तो अन्न. आणि जो आधी आला, जागा त्याची.

शेवटच्या नियमावरून क्रम ठरतो: भित्रा मासा आधी, दांडगा शेवटी. दुकानात याच्या नेमकं उलट होतं. टाकी 'चालू करायला' म्हणून डोमिनो किंवा तीन पट्ट्यांचा डॅमसेल स्वस्तात गळ्यात मारतात. इंचभराचा असताना गोंडस दिसणारा डोमिनो पुढे 13-14 सेंटिमीटर होतो आणि तीन फुटी टाकी आपल्या नावावर करून घेतो. नंतर त्याला पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात. चार मिनिटांत घेतलेल्या त्या निर्णयापायी अख्खा रविवार असा जातो. डॅमसेल आवडतच असेल तर त्यातल्या त्यात मवाळ जात घ्या आणि सगळ्यात शेवटी सोडा.

तीन फुटी टाकीसाठी पाच-सहा लहान मासे पुरेसे. पहिला फायरफिश: लाजाळू, पाण्यात मधोमध तरंगणारा, घाबरला की टाकीबाहेर उडी. म्हणून वर काच नको, बारीक जाळीचं झाकण हवं. जाळीतून हवा खेळते, काचेखाली उष्णता कोंडते. त्यानंतर यलो वॉचमन गोबी, तो तळाशी राहतो. पिस्टल श्रिंपबरोबर तो एकाच बिळात नांदतो आणि त्या दोघांचं पाहणं हा टाकीतला सर्वोत्तम करमणुकीचा कार्यक्रम आहे. मग एक टेलस्पॉट ब्लेनी, दगडावरचं शेवाळ खरवडणारा. मग एखादा बँगाई कार्डिनल, एकटाच. दोन नर ठेवले तर एक राहतो. शेवटी क्लाउनफिशची जोडी.

क्लाउनफिश ऑसेलॅरिस जातीचाच घ्या. मरून क्लाउन दिसायला देखणा, स्वभावाने भांडखोर. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात, गटातला सर्वांत मोठा मादी होतो. म्हणून एक थोडा मोठा, एक थोडा लहान असे दोन लहानवयीन मासे एकाच वेळी सोडा. मोठा धक्के देतो, लहान अंग थरथरवून शरणागती दाखवतो. हे पाहून लोक घाबरतात आणि त्यांना वेगळं करतात. थरथर चालू आहे, पंख शाबूत आहेत, तोवर ठीक. पंख फाटू लागले तर मात्र वेगळं करा. दोन मोठ्या, आधीच मादी झालेल्या क्लाउन कधीही एकत्र जमत नाहीत. समुद्री ॲनिमोनचा हट्ट पहिल्या वर्षी सोडा, क्लाउनला त्याची गरज नसते.

काही मासे कितीही आवडले तरी मागे ठेवा. 'डोरी' म्हणून ओळखला जाणारा ब्लू टँग फूटभर वाढतो आणि त्याला सहा फुटांची टाकी लागते. मँडरिन दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत जीव टिपत फिरतो, नव्या टाकीत ते नसतात आणि तो हळूहळू झिजून मरतो. क्लीनर रॅसचंही तेच, इतर माशांच्या अंगावरचे परजीवी हे त्याचं जेवण. लायनफिश शांत असतो, पण फायरफिश त्याच्या तोंडात सहज मावतो. क्रोमिसचा थवा हवा म्हणून सहा-सात आणले जातात आणि वर्षभरात एकेक करून कमी होत एक-दोन उरतात.

नवा मासा सोडताना टाकीतले दोन-चार दगड हलवा. जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि ते दोन दिवस स्वतःची जागा शोधण्यात गुंततात. दांडग्याला रोखायचं असेल तर नव्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात तीन-चार दिवस टाकीतच ठेवा. दिवे घालवून सोडा. पहिले दोन दिवस कुरबुर होणारच. मात्र मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागे चिकटून राहिला आणि खायला आलाच नाही, तर वाट बघत बसू नका.

पिशवी, टब आणि क्वारंटाइन

दुकानात मासा तुमच्यासमोर खाताना बघा. न खाणारा मासा कितीही सुंदर असो, सोडा. पोट आत गेलेलं, डोक्यामागचा भाग खोलगट, श्वास जोरजोरात चालू, अशांना हात लावू नका. शक्य असेल तिथे टाकीत पैदा केलेले मासे मागा. कोचीला मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे, त्यामुळे भारतात पैदा केलेला क्लाउन मिळणं आता नवलाचं नाही. तो पेलेट, म्हणजे दाणेदार तयार खाणं, लवकर खातो आणि त्याच्यामुळे समुद्रातला एक मासा कमी होत नाही.

मुंबईहून किंवा चेन्नईहून पिशवीत आलेल्या माशाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. प्रवासात मासा श्वास सोडत राहतो, पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो. साठलेला अमोनिया त्या कमी पीएचमध्ये फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. पिशवी उघडी ठेवून दोन तास थेंबथेंब पाणी सोडण्याची पद्धत लांबच्या प्रवासातल्या माशाला म्हणूनच बाधते. दुकानाला आधी फोन करून त्यांच्या पाण्याची घनता विचारा, क्वारंटाइनचं, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळं ठेवायच्या टबाचं, पाणी तेवढंच करून ठेवा, बंद पिशवी 15-20 मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि मासा लगेच पलीकडे घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

क्वारंटाइनला मोठी सोय लागत नाही. 40-50 लिटरचा टब किंवा साधी टाकी, हीटर, लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि मुख्य टाकीत महिनाभर ठेवलेला स्पंज फिल्टर. वाळू-दगड नको, ते तांब्याचं औषध शोषून घेतात. रोज अमोनिया तपासा आणि घनता रोज थोडी थोडी वाढवत 1.026 वर न्या. चार आठवडे.

ते चार आठवडे कशासाठी, ते ठिपक्यांच्या आजारावरून कळतं. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, मिठाच्या दाण्याएवढा दिसतो, मग गळून वाळूत कवच करून बसतो. कवच फुटून शेकडो पिल्लं निघतात आणि दुसऱ्या माशाच्या शोधात सुटतात. ठिपके गायब झाले की लोक सुटकेचा श्वास टाकतात. प्रत्यक्षात परजीवी तळाशी वाढत असतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत दसपट होऊन परत येतो. 'लसणाने बरा झाला' हा अनुभव बहुतेकदा या मधल्या टप्प्यातला.

यावर दोन खात्रीचे मार्ग. एक तांबं: आयनिक औषध असेल तर साधारण 0.2 पीपीएम, चिलेटेड असेल तर 2 ते 2.5. दोन्हींत दहापटीचा फरक आहे, त्यामुळे बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा आणि त्याच प्रकाराला चालणाऱ्या किटने रोज मोजा. दुसरा मार्ग बदलीचा: दर 72 तासांच्या आत मासा पूर्ण कोरड्या-स्वच्छ अशा दुसऱ्या टबात, असं चार वेळा. गळलेले परजीवी मागच्या टबात राहतात. जाळी, हीटर, स्पंज काहीही एकातून दुसऱ्यात न्यायचं नाही. मुख्य टाकीत तांबं कधीही नको, तिथले कोळंबी-गोगलगाय मरतात आणि दगडात मुरलेलं तांबं निघत नाही. मुख्य टाकीत रोग शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती 76 दिवस माशांविना चालू ठेवावी लागते. मासा मिळाला नाही की पिल्लं एक-दोन दिवसांत मरतात, पण काही कवचं फुटायला दोन महिन्यांहून जास्त घेतात, म्हणून इतका मोठा आकडा.

व्हेल्वेट हा दुसरा परजीवी आजार मात्र थांबायला वेळ देत नाही. ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत, अंगावर पिठूळ सोनेरी धूळ दिसते, मासा उजेड टाळतो, पंपाच्या झोतात तोंड खुपसून उभा राहतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. अशी लक्षणं दिसली की त्याच दिवशी तांबं सुरू. बदलीचा मार्ग इथे चालत नाही. क्लाउनच्या अंगावरून बुळबुळीत थर सुटून लोंबत असेल तर तो ब्रुकलिनेला नावाचा परजीवी, त्याला तांबं लागू पडत नाही, फॉर्मेलिन लागतं. तेही उघड्या खिडकीशी, हातमोजे घालून.

रोजचं खाणं

बारीक पेलेट आणि गोठवलेली मायसिस श्रिंप आलटून पालटून, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गणेश पेठेच्या मासळी बाजारातली ताजी समुद्री कोळंबी सोलून, धुऊन, बारीक चिरून गोठवून ठेवली तर छान चालते. ती बिनमिठाची, बिनशिजवलेली हवी. ट्युबिफेक्स गोड्या पाण्याचं खाणं, तो इथे नको. शेवाळ खाणाऱ्या ब्लेनीला आठवड्यातून दोनदा मसाला न लावलेली नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) द्या. खायला घालतानाच सगळ्यांची हजेरी घ्या. आला नाही तो लपलाय की आजारी आहे की मेलाय, हे त्याच दिवशी शोधा, कारण दगडामागे कुजणारा एक मासा बाकीच्यांचा अमोनिया वाढवतो.

दिवाळीत चार दिवस गावी जाणार असाल तर धडधाकट, मोठे मासे उपाशी राहिले तरी चालतं. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या काकूंकडे एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या आणि खाण्याचा मोठा डबा कपाटात कुलपात ठेवा.